कानाच्या मुळाशी

ओल्या मातीत उमटलेलं नख भट्टीतून बाहेर येतं तेव्हा थोडं लहान झालेलं असतं. माती आकसते.

*

बाथरूमच्या खिडकीत एक वाकडं भांडं आहे. त्यात कपडे वाळत घालायचे चिमटे असतात. निळे, पिवळे, एक लाकडी.

*

फरशीवर पाऱ्याचे गोळे पळतायत. कुणीतरी गुडघ्यांवर बसून पोस्टकार्डाने ते गोळा करतंय. एक गोळा दुसऱ्याला चिकटला की दोघांचा मिळून एकच होतो, आणि मग कुठला कुठला होता ते सांगता येत नाही.

*

"तळ बघा," लिलावघराचे साहेब नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. "तोंड काय, सगळेच दाखवतात."

*

विजेचं बिल. घडीवर घडी घातलेलं. प्रत्येक घडीवर अंगठ्याचं नख ओढलेलं, आणि शेवटच्या घडीच्या टोकाशी एक छोटी आडवी खूण. जणू बिलाला कडी लावून टाकलीय.

*

आता हे सगळं एका टेबलावर मांडायचं, तर आधी धाकटीला आणायला हवं.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी. पन्नाशी उलटून गेली, गुडघे कुरकुरू लागले, तरी आईच्या लेखी ती धाकटीच. कारण थोरल्या दादाने आपलं थोरलेपण अजून सोडलेलं नाही. घराबाहेर तिला लोक मॅडम म्हणतात आणि जरा वचकून असतात. एका लिलावघरात ती भांड्यांची पारख करते. कारखान्यात साच्यातून निघालेल्या भांड्यांशी तिचा संबंध नाही. एकेका कलावंताने आपल्या स्टुडिओत, आपल्या चाकावर, स्वतःच्या हाताने घडवलेली भांडी तिच्या टेबलावर येतात. कुणाचं आहे, कधीचं आहे, अस्सल की नक्कल, आणि बाजारात काय भाव येईल, एवढं सांगायचा तिला पगार मिळतो.

ती आधी भांडं बघत नाही. डोळे मिटून आत हात घालते. चाकावर माती वर ओढताना बोटांच्या ज्या सऱ्या पडतात त्या बाहेरून पुसून टाकता येतात. आत मात्र कुणी बघणार नाही म्हणून तशाच राहतात. मग वजन. दिसतं त्यापेक्षा हलकं लागलं तर हात सराईत. मग उलटं करून बूड. बुडावर शिक्का असतो, पण शिक्क्यावर तिचा विश्वास सगळ्यात शेवटी, कारण शिक्का कुणालाही मारता येतो. तिची खरी मदार कानावर. कपाचा कान, बरणीचा कान. तो चाकावर होत नाही, वेगळा वळून चिकटवावा लागतो. तोपर्यंत मोठं काम संपलेलं असतं, माणूस जरा सैल पडलेला असतो, आणि अशा वेळी बोटं आपल्या जुन्या सवयी कानाच्या मुळाशी सोडून जातात.

हे शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं आहे. छापलेलं आहे. पुढे ते तिच्याच अंगावर येणार आहे.

*

बरणी एका संग्राहकाच्या मुलांनी पाठवलेल्या खोक्यातून आली. वडील गेले, मुलांना घर रिकामं करायचं होतं. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, झाकणासकट. तान्ह्या मुलाला घ्यावं तशी दोन्ही हातांत घ्यावी लागेल एवढी. राखेची झिलई, वर हिरवट, खाली ओघळत ओघळत तपकिरी होत गेलेली. खांद्यावर दोन छोटे कान.

पॅकिंगवाल्याने ती टेबलावर ठेवली आणि तिथेच रेंगाळला. "मॅडम, ही घरी न्यावीशी वाटते हो."

हा माणूस असं कधी बोलत नाही. त्याच्या दृष्टीने जगातली सगळी भांडी म्हणजे फुटायला टपलेला माल.

धाकटीने आत हात घातला. सऱ्या एकसारख्या, कुठे घाई नाही, कुठे दबकणं नाही. वजन अपेक्षेपेक्षा हलकं. बुडावर चौकोनी शिक्का. म्हणजे दाढीवाले मास्तर.

दाढीवाल्या मास्तरांना जाऊन बरीच वर्षं झाली. होते तेव्हा त्यांची भांडी लोक फुलांना पाणी घालायला वापरत. आता त्यांच्या साध्या वाडग्यासाठी दोन माणसं लिलावात एकमेकांचं तोंड बघेनाशी होतात. चौकोन हा त्यांच्या स्टुडिओचा शिक्का. त्यांच्या भट्टीत जे जे जाई त्या सगळ्यावर तो पडे, संध्याकाळच्या वर्गाला येणाऱ्या हौशी मंडळींच्या भांड्यांवरसुद्धा. स्वतःच्या भांड्यावर मास्तर चौकोनाशेजारी अणकुचीदार काडीने दोन टिंबं टोचत. टिंबं दिसली की भाव चढतो.

या बरणीवर टिंबं नव्हती. पण त्याने काही अडत नव्हतं. फार पूर्वी धाकटीनेच लिलावाच्या एका छापील सूचीत लिहून ठेवलं होतं: मास्तर कधी कधी टिंबं विसरत. अशा वेळी कान पाहावा. कानाच्या मुळाशी अंगठ्याच्या नखाची आडवी, मध्ये किंचित तुटलेली खूण असेल, तर भांडं मास्तरांचंच समजावं. तेव्हा तिच्या पाहण्यात टिंबं नसलेले काही कप आले होते. सगळ्यांच्या कानाला ती खूण. इतके देखणे कप मास्तरांखेरीज करणार कोण? तेव्हापासून या धंद्यात त्या खुणेला 'मास्तरांचं नख' म्हणतात. लोक भिंग घेऊन ते नख शोधतात.

तिने बरणीचा कान उजेडाकडे वळवला. नख होतं. तिने कागदावर 'मास्तर' असं लिहिलं आणि चष्मा पुसायला रुमाल हवा म्हणून पर्स उघडली. रुमालाबरोबर आईचं विजेचं बिल बाहेर आलं आणि बरणीला टेकून पडलं.

आईच्या उजव्या अंगठ्याचं नख मधोमध उभं चिरलेलं आहे. लहानपणी ते ट्रंकेच्या झाकणात सापडलं होतं, तेव्हापासून ते दोन भागांतच वाढतं. आई हाती येईल त्या कागदाची घडी घालते आणि शेवटी टोकाशी एकदा आडवं नख दाबते. तिथे एक चंद्रकोर उमटायच्या ऐवजी दोन तुकडे उमटतात, मध्ये केसभर फट.

धाकटीने बिल बघितलं. बरणीचा कान बघितला. भिंग घेऊन पुन्हा बिल बघितलं. मग पुन्हा कान.

आयुष्यभर रोज बघितलेली खूण. शाळेच्या डब्याखालच्या कागदावर, औषधाच्या पुडीवर, दादाच्या लग्नातल्या आहेराच्या पाकिटांवर. जे रोज दिसतं ते कुणी कशाला बघेल?

*

(टेबलावरचा कागद, पहिला खर्डा)

झाकणाची बरणी. राखेची झिलई. दाढीवाले मास्तर.

(त्याच कागदावर, खाली)

झाकणाची बरणी. राखेची झिलई. संध्याकाळच्या वर्गातली एक बाई. तिला घरी दोन मुलं होती.

*

"साहेब, ही बरणी माझ्या आईची आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "चोरीला गेली होती का? तक्रार दिली होती?"

"तशी नाही. आईने केलेली."

"आईंनी."

"आई मास्तरांच्या वर्गाला जायची. मी लहान असताना. वर्ष-दीड वर्ष."

हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि घरात तो एक जुना विनोदही होता. एवढा मोठा मास्तर, आणि शिष्येने काय केलं, तर चिमटे ठेवायचं भांडं. दादा पाहुण्यांना बाथरूम दाखवताना ते मुद्दाम दाखवायचा. त्या वाकड्या भांड्यामुळे आईच्या हाताबद्दल कुणाला कधी दुसरा विचारच सुचला नव्हता. धाकटीलासुद्धा.

साहेब उठले. बिल आणि कान शेजारी शेजारी धरून बराच वेळ बघत राहिले. माणूस चांगला आहे. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही.

"जुळतंय," ते म्हणाले. "पण बाई, हे नख मास्तरांचं नाही असं म्हणणार कोण? तुम्ही. आणि ते मास्तरांचं आहे असं म्हणालं होतं कोण?"

"मीच. चुकले."

"तुम्ही चुकला असाल. बाजार अजून चुकलेला नाही. तो म्हणेल, काल मास्तरांचं होतं, आज यांच्या मातोश्रींचं झालं. उद्या मावशीचं होईल."

"मी शेरा लिहिते. कारणांसकट."

"नातलगाच्या वस्तूवर आपण शेरा लिहीत नाही. हा नियम कुणी करायला लावला होता?"

तोही तिनेच. धाकटीने नुसते हात टेकले, टेबलावर, खरोखरचे.

साहेबांना तिची कीव आली असावी. "असं करा," ते म्हणाले, "आईंना घेऊन या. त्यांनी बरणी हातात घ्यावी आणि सांगावं, ही माझी. करणारी जिवंत आहे आणि आपलं म्हणतेय, म्हटल्यावर तुमचं माझं मत कोण विचारतो? मी त्याच क्षणी सूची बदलून घेतो. पण लिलावाच्या आधी. एकदा हातोडा पडला की बरणी मास्तरांची, कायमची."

*

दादा फोनवर: "आईची? म्हणजे ती चिमट्यांवाली? अगं, तुझी झोप होतेय ना नीट?"

*

"आलीस? बिल भरलंस?" आईने दार उघडता उघडता विचारलं.

"भरते गं."

"म्हणजे नाही भरलंस. ठीक आहे. बसते मी अंधारात."

आई परत इस्त्रीच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. ऐंशीला टेकलेली, पण इस्त्री दुसऱ्या कुणाला करू देत नाही. उशीच्या अभ्र्याची घडी घालून तिने कडेवर नख ओढलं. धाकटी त्या नखाकडे बघत राहिली.

"काय बघतेयस? डाग राहिलाय?"

"आई, तू दाढीकडे बरणी केली होतीस?"

आई मास्तरांना नेहमी 'दाढी' म्हणत आलेली. "होतीस म्हणजे? आहे की. बाथरूममध्ये."

"केलीस तेव्हा कशी होती?"

आईने इस्त्री उभी करून ठेवली. तिचे दोन्ही हात आपोआप वर आले आणि हवेत काहीतरी धरल्यासारखे थांबले. "सरळ होती गं. अशी उभी. खांदा असा गोल उतरलेला. दाढी स्वतः उठून बघायला आला. काही बोलला नाही. तो काही बोलला नाही म्हणजे बरं जमलंय असं समजायचं. मग मी दोन कान लावले. झाकण केलं, ते बसेना, दुसरं केलं."

"आणि मग?"

"मग काय, भट्टीत बसली. खचली. मातीचं असंच असतं. चाकावर सगळ्यांचंच चांगलं दिसतं, आग सांगते हात कसा आहे ते."

"आणि कान? झाकण?"

"गळले असतील. झाकण फुटलं असेल. मी काय आत जाऊन बघितलं?"

"भट्टी उघडली तेव्हा तू नव्हतीस?"

"नव्हते. घरात काहीतरी निघालं त्या दिवशी. नंतर गेले, तोवर ज्याने त्याने आपापलं नेलेलं. फळीवर हे एकटंच उरलेलं. दाढी म्हणाला, हे तुमचं असेल बाई."

"असेल?"

"आता 'असेल' म्हणाला की 'आहे' म्हणाला, मी काय टेप लावून ठेवला होता?"

"तू नाव नव्हतं टाकलं?"

"टाकलं की. बुडाला, पेन्सिलने. चांगलं ठसठशीत. कपांवर कधी टाकत नव्हते, यावर टाकलं."

धाकटीने डोळे मिटले. शिसपेन्सिल भट्टीत जळून जाते. राहत नाही, कणभरही नाही. शिकाऊ माणूस ही चूक एकदा करतो, आणि कुणी सांगितलं की पुन्हा करत नाही. आईला सांगायची वेळच आली नाही, कारण आई परत गेलीच नाही.

"का गेली नाहीस?"

"लाज वाटली गं. त्याने जीव तोडून शिकवलं आणि मी हे केलं. माझे आधीचे कप-बिप होते तिथे, तेही आणले नाहीत. म्हटलं, कशाला ते ओझं." आईने पुढचा अभ्रा घेतला. "आणि तुम्ही दोघं होतात. कामं काय कमी होती?"

धाकटी हात धुवायचं निमित्त करून बाथरूममध्ये गेली. चिमटे बेसिनमध्ये ओतले. भांड्यात हात घातला. सऱ्या उथळ, घाईच्या. कंटाळलेल्या सराईत माणसाच्या. खांद्यावरून बोट फिरवलं. कान गळला तर व्रण राहतो. इथे व्रण नव्हता. या भांड्याला कधी कान नव्हतेच. तिने ते उलटं केलं. बुडावर साबणाचा आणि खाऱ्या पाण्याचा पापुद्रा चढला होता. तिने जुना टूथब्रश घेतला.

"काय घासतेयस एवढं?" बाहेरून आवाज आला. "सोनं निघणार आहे का त्यातून?"

चौकोन निघाला. चौकोनाशेजारी एक टिंब. मग दुसरं.

धाकटीने बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसली. म्हणजे आपल्या हाताचा नमुना म्हणून आई इतकी वर्षं ज्याच्याकडे बघत आली, ते मास्तरांचंच बिघडलेलं भांडं होतं. मास्तरांनी ते चुकून दिलं, की ओळखून दिलं, की त्यांना कशाशीच काही देणंघेणं नव्हतं, हे आता कुणाला विचारणार?

तिने चिमटे परत भरले. बरणी हातात आल्यावर आई स्वतःच ओळखेल, असं तिने स्वतःला सांगितलं. आपल्याला काही बोलायला लागू नये, एवढीच तिची इच्छा होती.

*

पर्समध्ये: चष्म्याचं घर. बिल (भरलेलं). प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला ओल्या मातीचा गोळा, लिंबाएवढा.

*

आई चांगला स्वेटर घालून आली होती. साहेबांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. "या आई, बसा. चहा घ्याल ना?"

चहा आला. आईने कप संपवला, उलटा केला आणि बूड बघितलं. "कारखान्याचा," ती म्हणाली.

साहेब मनापासून हसले. "मॅडम कुणावर गेल्यात ते कळलं."

"माझ्यावर कशाची जातेय? तिच्या बापावर गेलीय. तोही असाच, सांगायचं असलं की अर्धा दिवस घसा खाकरायचा. काय दाखवायचंय ते दाखव बाई एकदाचं."

पॅकिंगवाल्याने बरणी आणून ठेवली. आईने चष्मा काढून बाजूला ठेवला. मग डोळे मिटले आणि आत हात घातला.

धाकटीला वाटत आलं होतं की ही पद्धत आपली आहे.

आईची बोटं आतून हळूहळू वर चढत गेली, खांद्याशी थांबली, वळली, काठाशी आली. आईने झाकण उचललं, फिरवून बसवलं, पुन्हा उचललं, पुन्हा बसवलं. चेहरा असा झाला होता, की धाकटीने तो कधी पाहिला नव्हता.

"काय केलंय मेल्याने," आई म्हणाली.

"कुणी, आई?"

"दाढीने. आणखी कुणी? हा खांदा बघ. हेच, हेच मला करायचं होतं."

साहेबांनी धाकटीकडे बघितलं. धाकटीने बरणी वळवली. "आई, कान बघ ना. कानाच्या मुळाशी."

आईने न बघताच अंगठा तिथे नेला. तो तिथे बसला. "हं. मीपण असंच दाबायचे. त्याचंच बघून उचललं असणार."

"आणि ती मधली फट?"

"जुनी वस्तू आहे. गेला असेल बारीक तडा."

मग धाकटीने पर्समधून मातीचा गोळा काढला. तिला म्हणायचं होतं, आई, इथे एकदा अंगठा दाब. पण माती दिसल्याबरोबर आईने ती हातातून घेतलीच. "अगंबाई. कुठून आणलीस? चांगली आहे. मऊ आहे." आणि बोलता बोलता ती मळायला लागली, तळव्यावर लांब वळली, वाकवली, टोक टेबलावर टेकवलं, आणि शेवटी, सवयीने, लक्षही नसताना, मुळाशी आडवं नख दाबलं.

टेबलावर एक ओला कान पडला होता. त्याच्या मुळाशी दोन तुकड्यांची खूण, मध्ये केसभर फट.

साहेबांनी भिंग उचललंसुद्धा नाही. त्यांनी ओल्या कानाकडे बघितलं, बरणीकडे बघितलं, आणि धाकटीकडे बघून फार हळू म्हणाले, "मला पटलं बाई. पण म्हणायला त्यांनीच हवं."

"कुणी काय म्हणायला हवं?" आईने विचारलं. ती बोटांची माती काढत होती.

साहेबांनी खुर्ची पुढे घेतली. "आई, आम्हाला वाटतंय की ही बरणी तुमची आहे. तुम्ही केलेली. भट्टी उघडताना अदलाबदल झाली असावी. तुम्ही एकदा 'माझी' म्हणालात, तर सूचीत तुमचं नाव लागेल."

आई आधी हसली. मग हसणं थांबलं.

"मेलेल्या माणसाचं काम आपलं म्हणू? तो यायचाय का भांडायला? साहेब, तुम्ही चांगल्या घरचे दिसता. असलं काही मला सांगू नका."

"आई, पण खरंच तुझी असेल तर?" धाकटीचा आवाज चढला. "एकदा नीट बघ तरी. जमलं होतं तुला!"

"वेडी आहेस का?" आई म्हणाली. रागाने नव्हे. लहान मुलीला समजवावं तसं. "असं मला जमलं असतं, तर मी सोडलं असतं का?"

रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. पॅकिंगवाला दारात उभा होता, तो आत जावं की बाहेर अशा विचारात तिथेच राहिला.

आता फक्त टिंबांचं सांगायचं बाकी होतं. धाकटीने तोंड उघडलं. बाथरूममधल्या भांड्यावर दोन टिंबं आहेत आई, ते तुझं नाही, तुझं हे आहे. इतकंच. पण त्या वाक्यापाठोपाठ दुसरं वाक्य येत होतं, ते तिला थोपवता येईना: तुला सोडायचं काही कारण नव्हतं. ऐंशीला टेकलेल्या बाईच्या हातात हे द्यायचं, आणि मग तिला टॅक्सीत बसवून घरी इस्त्री करायला पाठवायचं?

आईने चष्मा लावला होता आणि ती बरणीकडे बघत होती. अगदी निर्मळ, दुसऱ्याच्या चांगल्या कामाकडे बघावं तशी.

"मॅडम?" साहेब म्हणाले.

धाकटीने तोंड मिटलं. टेबलावरचा ओला कान उचलला आणि मुठीत दाबला.

"आई म्हणतेय ना, साहेब," ती म्हणाली.

*

झाकणाची बरणी. राखेची झिलई, खांद्यावर दोन कान. बुडावर स्टुडिओचा चौकोनी शिक्का. टिंबं नाहीत, मात्र कानाच्या मुळाशी मास्तरांचं नख स्पष्ट. मास्तरांच्या उत्तम कामांपैकी एक.

(छापील. शेवटचं वाक्य साहेबांनी घातलं. त्यांना एवढंच करता आलं.)

*

लिलावाच्या दिवशी धाकटी मागच्या रांगेत उभी राहिली. दोन माणसं अडून बसली, मग एकाने मान हलवून नाद सोडला. हातोडा पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या; भांड्यासाठी सहसा वाजवत नाहीत. दूरच्या एका संग्रहालयाने घेतली होती. तिथे ती काचेच्या कपाटात राहील, शेजारी पाटी असेल.

पॅकिंगवाल्याने ती स्वतः गुंडाळली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. झाकण वेगळं, बरणी वेगळी. खोक्याला चिकटपट्टी लावल्यावर त्याने धाकटीला विचारलं, "मॅडम, ही त्या दिवशी आजी म्हणाल्या त्याचीच ना नक्की?"

"कुणाची?"

"नाही, मी आपलं विचारलं," तो म्हणाला आणि खोकं घेऊन गेला.

*

"गेली का दाढीची बरणी?" आई दोरीवर कपडे घालत होती. धाकटी चिमटे देत होती.

"गेली."

"चांगल्या घरी गेली ना?"

"हो."

"बरं झालं. माणूस गेला, निदान काम तरी राहिलं." आईने चादर झटकली. "निळा दे. सगळ्या जगाच्या भांड्यांची पारख करतेस, माझ्याची कधी केली नाहीस. याची काय किंमत होईल गं?"

"आई, काहीतरीच."

"अगं, सांग की. मला काय वाईट वाटणार आहे? उलटं कर, बूड बघ, तुमचं काय ते सगळं कर."

धाकटीने वाकडं भांडं वर धरलं. घासल्यापासून बूड स्वच्छ होतं. चौकोन, टिंब, टिंब, दुपारच्या उन्हात लखलखीत. आईला इतक्या जवळचं दिसत नाही. तिने आत हात घालून बघितला, वजन केलं, खांद्यावरून बोट फिरवलं. हातांनी आपलं काम चोख केलं.

"खरं सांग हं," आई म्हणाली. "धंद्यात म्हणतात तेच सांग."

"सेकंड," धाकटी म्हणाली. "थोडं बिघडलेलं असलं की सेकंड म्हणतात."

आईने क्षणभर विचार केला आणि तिचा चेहरा उजळला. "म्हणजे नापास नाही!"

"नाही."

"बघ. आणि तुझा दादा इतकी वर्षं हसतोय." तिने हात पुढे केला. "पिवळा दे. नाहीतर असं कर, लाकडी दे, चादर जड आहे."

धाकटीने लाकडी चिमटा शोधून दिला.

*

भट्टी उघडली त्या दिवशी धाकटीला ताप होता. आईने थर्मामीटर झटकला, तो पलंगाच्या कडेवर आपटून फुटला, आणि ती पोस्टकार्डाने पारा गोळा करत बसली.